जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाची बंद शेगडी बसवताना धुराड्याचे काय करावे?

पार्लेकर: आम्ही विलेपार्ल्याला राहतो, महाबळेश्वरला आजोबांच्या काळातले कौलारू घर असून त्याच्या दिवाणखान्यात जांभ्या दगडाची फायरप्लेस आहे. उघड्या जाळाने ऊब कमी आणि धूरच जास्त होतो, म्हणून तिच्यात काचेच्या दाराची, पाच किलोवॅटची बिडाची शेगडी बसवायचा विचार आहे. गवंडी म्हणतो, शेगडीचा पाइप धुराड्यात हातभर सरकवून फट सिमेंटने बुजवली की झाले. एवढ्यावर भागेल का?

दादरकर: भागणार नाही. उघड्या जाळासाठी बांधलेले धुराडे रुंद असते; बंद शेगडीतला मोजका धूर त्यात पसरून थंड होतो, त्याची वर जाण्याची ओढ मंदावते आणि डांबरासारखा चिकट थर आतल्या भिंतींवर साचत जातो. हा थर पेटला आणि जांभ्याच्या सांध्यांतला चुना सुटलेला असला, तर आग वाशांपर्यंत पोचू शकते. म्हणून धुराडे आधी झाडून, घरटी काढून, शेगडीपासून कौलांवरच्या टोकापर्यंत ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा सलग लायनर (धुराड्याच्या आत बसणारी नळी) सोडावा. त्याचा व्यास उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे असावा, शेगडीतून धूर बाहेर पडतो त्या तोंडाहून अरुंद मुळीच नको. पाइप तापून फुगला की फटीतले साधे सिमेंट तडकते. तिथे अग्निरोधक दोर वापरावा.

चेंबूरवासी: वरच्या टोकाला टोपी बसवायला विसरू नका, महाबळेश्वरचा पाऊस लायनरमधून थेट शेगडीत उतरेल आणि बीड गंजेल. शेगडीखाली आणि पुढे न जळणारी फरशी हवी (ब्रिटनच्या नियमांत बंद शेगडीपुढे किमान २२५ मिलिमीटर सांगितले आहे), सतरंजी त्याहून बरीच लांब. लाकडातला ओलावा २० टक्क्यांहून कमी असावा.

पार्लेकर: आभारी आहे. थंडीमुळे रात्री खिडक्या लावून घेतल्या तर चालेल का?

दादरकर: बाहेरून हवा आत येणारा, बंद न होणारा झरोका ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे झोपेत काही कळत नाही. त्याचा अलार्म त्याच खोलीत, शेगडीपासून एक ते तीन मीटरवर लावा. पहिला जाळ करण्यापूर्वी धूरकांडी पेटवून धूर फक्त टोपीतूनच बाहेर पडतो ना, हे एकाने अंगणातून आणि दुसऱ्याने माळ्यावरून पाहावे.