मदत हवी आहे: एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये गवत जांभळं, पाणी लाल. ग्राफिक्स कार्ड गेलंय का?

वासोटा:

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या घरी २००९ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७, नंतर बसवून घेतलेलं ५१२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड आणि १९ इंची मॉनिटर. रोजच्या वापरात नाही, पण चालू आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सीड्यांचा डबा सापडला. त्यात एज ऑफ एम्पायर्स २ आणि त्याचा पुरवणी भाग द कॉन्करर्स. २००२-०३ मध्ये कराडला हॉस्टेलवर आम्ही चार खोल्यांतून केबल ओढून हा गेम खेळायचो, परीक्षा संपली की पहाटेपर्यंत. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला म्हटलं, चल, तुला दाखवतो. इन्स्टॉल नीट झाला, आवाज येतो, माऊस चालतो. पण चित्र उघडलं आणि गवतावर सगळीकडे जांभळे-गुलाबी डाग, पाणी लाल, माणसांचे चेहरे हिरवट. मुलाने विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी पाणी लाल होतं का?"

केलेले प्रयोग: कार्डचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीमध्ये जाऊन जुनं विंडोज एक्सपी निवडलं. तिथेच '२५६ कलर्स'वर खूण केली. काही फरक नाही. शेवटी सीपीयू उचलून दुकानात नेला. त्यांनी गेम लावून बघितला आणि कार्डची मेमरी गेलीय, नवीन घाला म्हणाले. साडेचार हजार सांगितले. एवढ्या जुन्या मशीनवर तेवढे घालायचे का, आणि घातले तर खात्रीने सुटेल का, हे कळत नाही. सुट्टीचे आठ दिवस उरलेत. कृपया मार्गदर्शन करा.

मोगरा:

दादा, पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघून सांगा. एक, मशीन चालू करताना सगळ्यात आधी जी काळी स्क्रीन येते, तिच्यावरची अक्षरं स्वच्छ दिसतात का? दोन, एखादा व्हिडिओ किंवा दुसरा कुठला गेम लावल्यावर रंग बरोबर आहेत का? तीन, गेममध्ये आकार बिघडलेत की फक्त रंग? म्हणजे घर घरासारखं, झाड झाडासारखं दिसतंय का?

विचारायचं कारण, माझ्या आधीच्या मशीनवर कार्ड खरंच गेलं होतं. तेव्हा चालू करतानाच्या स्क्रीनवरसुद्धा उभ्या रेघा आणि ठिपक्यांची जाळी यायची. विंडोज लोड व्हायच्या आधी, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हता. गेममध्ये तर भिंतींचे तुकडे त्रिकोण होऊन हवेत लटकायचे. ते दिसणं वेगळं असतं.

वासोटा:

ताई, लगेच बघितलं. सुरुवातीची स्क्रीन स्वच्छ आहे. लग्नाचा व्हिडिओ लावला, रंग व्यवस्थित. एक कार रेसचा गेम होता, तोही दहा मिनिटं चालवला, काही बिघाड नाही. आणि आकाराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. टाउन सेंटर, मेंढ्या, झाडं, सगळं जागच्या जागी आणि रेखीव आहे. रंगच तेवढे चुकीचे.

आणखी एक लक्षात आलं. गेम सुरू झाल्यावर पहिला मेनू एकदोनदा बरोबर रंगांत दिसला, मग एकदम बिघडला.

रानवारा:

मग कार्ड ठणठणीत आहे. साडेचार हजार खिशात ठेवा. नवीन कार्ड घातलंत तरी पाणी लालच दिसेल.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हे समजलं की पुढचे उपाय आपोआप समजतात.

हा गेम १९९९ चा. तेव्हाच्या कार्डांवर मेमरी मोजकी असायची, म्हणून तो ८ बिट रंगांत बनवला आहे. आजचा गेम प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे साठवतो. हा गेम एकच आकडा साठवतो, ० ते २५५ मधला. रांगोळीचे २५६ डबे नंबर घालून मांडलेत असं समजा. चित्रात रंग नाहीच, फक्त लिहिलंय की इथे ४७ नंबरच्या डब्यातला भरा, तिथे ११२ च्या. डब्यात काय आहे ते एका वेगळ्या तक्त्यात असतं, त्याला पॅलेट म्हणतात. या पद्धतीने १०२४ बाय ७६८ चं अख्खं चित्र ७६८ केबीत बसतं. तेच ३२ बिटमध्ये ३ एमबी होतं. त्या काळी हा फरक फार मोठा होता.

आता तुमच्याकडे काय होतंय? गेम सुरू होताना स्वतःचे रंग डब्यांत भरतो. म्हणून पहिला मेनू बरोबर दिसतो. पण विंडोज ७ मध्ये मागे डेस्कटॉप चालूच असतो, आयकॉन आणि खालची पट्टी दाखवणारा एक्सप्लोरर. तो मधेच काही डब्यांत आपले रंग ओततो. गेमला याचा पत्ताच नसतो, तो ४७ नंबर मागत राहतो आणि ४७ मध्ये आता जांभळा असतो. रेघ हलत नाही, रंग बदलतो. आकार शाबूत आणि रंग चुकीचे, ही या दुखण्याची खूण. मोगराताईंचा तिसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा होता. कार्डची मेमरी खराब झाली तर आकडेच बिघडतात, मग रेघा, जाळी, तुकडे दिसतात, आणि ते एका गेमपुरतं राहत नाही.

हॉस्टेलवर एक्सपी असेल, तिथे हा त्रास नव्हता. व्हिस्टा आणि ७ वर तो खूप जणांना झाला.

आधी सगळ्यात सोपा उपाय करा. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक, 'स्क्रीन रिझोल्यूशन' उघडा. त्यात काही बदलायचं नाही. ती खिडकी तशीच उघडी ठेवायची, मिनिमाइज करायची नाही, आणि गेम सुरू करायचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण अनेकांचं एवढ्यावर भागलंय. त्याआधी '२५६ कलर्स'ची खूण काढून टाका, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट तपासली जाईल.

वासोटा:

रानवारा, तुमचे किती आभार मानू! खिडकी उघडी ठेवून गेम लावला आणि पाणी निळं! मुलगा टाळ्या वाजवत बाहेर आजीला सांगायला गेला.

पण वीसेक मिनिटांनी फोन आला म्हणून ऑल्ट-टॅब करून बाहेर आलो, परत गेलो तर पुन्हा जांभळं. बंद करून पुन्हा लावला, तर आता खिडकी उघडी असूनही कधी बरोबर, कधी चूक. तीनदा लावला, एकदाच नीट आला.

रानवारा:

होतं तसं. मग थेट एक्सप्लोररलाच सुट्टी देऊ. आधी इतर सगळं काम सेव्ह करून बंद करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसमध्ये एक्सप्लोररची नोंद शोधून 'एंड प्रोसेस' करा. आयकॉन, खालची पट्टी, सगळं गायब होईल. घाबरू नका, फाइल्सना काही होत नाही. टास्क मॅनेजरची खिडकी मात्र बंद करू नका. त्याच खिडकीत फाइल मेनूत 'न्यू टास्क' आहे, तिथून ब्राउझ करून गेमची फाइल निवडा. खेळून झालं की पुन्हा 'न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाइप करून एंटर, डेस्कटॉप परत येतो. ते नाही जमलं तर मशीन रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत होतं.

रंग ओतणाराच नसला की डबे जसेच्या तसे राहतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत, बदल करूनही हे कायमचं सुटतं, पण तिथे एक आकडा चुकला तर निस्तरत बसावं लागतं. सुट्टीच्या आठ दिवसांसाठी ते करू नये असं मला वाटतं.

देवराई:

मधेच बोलतो. एवढी खटपट करण्यापेक्षा याच गेमची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, का घेत नाही? नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. चित्रं नव्याने केलीत, रंगांचा हा घोळ नाही. आणि मुलासाठी म्हणून सांगतो, जुन्या सीडीत भारतीय राज्यंच नाहीत. मूळ गेममध्ये १३ संस्कृती, कॉन्करर्सने पाच वाढवल्या, त्यात आपलं कोणी नाही. भारतीय आले ते थेट २०१३ च्या पुरवणी भागात. २०२२ मध्ये तर द्रविड, बंगाली आणि गुर्जर वेगळे केले, आधीच्या 'भारतीयां'ना हिंदुस्तानी नाव दिलं. माझी पुतणी द्रविडांखेरीज दुसरं काही निवडत नाही.

रानवारा:

देवराई, गेम उत्तमच आहे, मीही तोच खेळतो. पण त्याला ६४ बिट विंडोज १० लागतं. २ जीबी रॅमवर तो उघडणारही नाही. २०१३ ची एचडी आवृत्ती मध्यम मार्ग ठरली असती, पण ती स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ चा आधार काढून घेतला. वासोटांच्या मशीनवर ही सीडीच खरी.

वासोटा, एक काळजीचं सांगतो. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. त्या मशीनवर बँकेचं काही करू नका. गेमसाठी नेटची केबल काढून ठेवलीत तरी चालेल.

वासोटा:

एक्सप्लोरर बंद करून लावला. काल रात्री दोन तास, आज सकाळी तीन तास. एकदाही रंग बिघडला नाही. पहिल्यांदा पट्टी गायब झाली तेव्हा छातीत धस्स झालं, पण तुम्ही आधीच लिहिलं होतं म्हणून धीर राहिला. आता मुलगाच ते करतो, क्रम त्याने वहीत लिहून घेतलाय. नेटची केबल काढली.

एक शेवटचं विचारू का? सगळं आडवं ताणल्यासारखं दिसतंय. घोडे लांबुळके, मनोरे बुटके. मॉनिटर १४४० बाय ९०० चा आहे, गेम १०२४ बाय ७६८ वर लावलाय.

मोगरा:

हे मला येतं! गेमचं चित्र ४:३ आणि तुमचा मॉनिटर १६:१०, म्हणून ताणलं जातं. कार्ड एनव्हीडिया कंपनीचं असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये डेस्कटॉपचा आकार आणि जागा ठरवायचं पान आहे. तिथे 'फुल स्क्रीन'ऐवजी 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि स्केलिंग 'जीपीयू'वर (म्हणजे कार्डावर) ठेवा. चित्र १२०० बाय ९०० होईल, दोन्ही बाजूंना १२० ठिपक्यांची काळी पट्टी राहील. ती राहू दे, घोडे घोड्यांसारखे दिसतील.

वासोटा:

एनव्हीडियाचंच आहे, पान सापडलं, पण त्यात हे पर्यायच दिसत नाहीत.

मोगरा:

मॉनिटरची केबल कुठली आहे? निळ्या टोकाची, तीन ओळींत पिना असलेली व्हीजीए असेल तर पर्याय दिसत नाहीत. डीव्हीआय किंवा एचडीएमआय लागते. कार्डाला पांढरं रुंद सॉकेट असेल, ते डीव्हीआय. मॉनिटरच्या खोक्यात बघा, पुष्कळदा केबल सोबत आलेली असते आणि कोणी वापरलेली नसते.

वासोटा:

निळीच होती. मॉनिटरचं खोकं आईने अजून जपून ठेवलंय, त्यात डीव्हीआय केबल प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली! मशीन बंद करून बदलली, पर्याय आले, मनोरे उंच झाले. अक्षरंसुद्धा आधीपेक्षा धारदार दिसतात.

दुकानात फोन करून कार्ड नको म्हणून सांगितलं, आणि हा रंगांचा प्रकारही सांगितला, म्हणजे दुसऱ्या कोणाचं मशीन आलं तर त्यांना उपयोग होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मोगराताई, रानवारा, देवराई, तिघांचेही मनापासून आभार. शीर्षकापुढे 'सुटलं' असं लिहितोय. आत्ता मुलगा किनाऱ्यावर गोदी बांधतोय. पाण्यात मासे आहेत हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं, लाल पाण्यात ते कळतच नव्हते.