विश्वासासाठी रिस्क कुठपर्यंत घ्यायची?

प्रश्न:
ऑफिसात मला खोट्या बिलांवर सही करायला सांगतायत, ख्रिस्ती विश्वासी म्हणून अजिबात पटत नाही, पण नाही म्हटलं तर जॉब जाऊ शकतो आणि घरात कमावणारी मी एकटीच. देव सांभाळेल म्हणून सरळ नकार देऊ का, की हा अविचार होईल?

उत्तर:
ताई, सही करू नका. सैतान येशूला मंदिरावर नेऊन म्हणाला खाली उडी टाक, देवदूत झेलतील, तेव्हा प्रभूने नाही म्हटलं, देवाची परीक्षा पाहू नको म्हणून (बायबल, मत्तय 4). आणि येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर उतरला तो येशूने ये म्हटल्यावरच. म्हणजे आधी देवाची हाक आली का ते बघायचं, आणि इथे तर खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञाच आहे.

उत्तर:
बायबलमधल्या एस्तेर राणीचं बघा ना, आपल्या यहूदी लोकांना वाचवायला न बोलावता राजासमोर जायचं म्हणजे जिवाशी खेळ, तरी गेली, पण आधी 3 दिवस उपास केला आणि राजधानी शूशनमधल्या सगळ्या यहूद्यांनाही करायला सांगितला. तुम्हीपण मंडळीतल्या (चर्चमधल्या) भरवशाच्या लोकांना सांगा, सेव्हिंग किती पुरेल बघा, दुसरीकडे अर्ज टाका. बुरूज बांधायच्या आधी खर्च मोजा असं येशूनेच म्हटलंय, लूक 14.

उत्तर:
फक्त सगळं सुखरूप होईल अशी गॅरंटी कोणी देऊ नका प्लीज. नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक बॉनहॉफर 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित होते, तरी जर्मनीला परतले आणि 1945 मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिली. जॉब जाईलही ताई, तेव्हा मंडळीने नुसती प्रार्थना नाही, घरखर्चालाही हात द्यायला हवा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू सगळ्यांना. आज पाळकांशी बोलते, मग साहेबांना नाही सांगते.