डिलिव्हरीवाल्याचं नाव, फोटो, नंबर कस्टमरला दिसायलाच हवेत का?

पराग_कोथरूड
ऑर्डर टाकली की ॲपवर त्या पोराचं नाव येतं, फोटो येतो, रेटिंग येतं, गाडी कुठल्या सिग्नलला थांबलीये ते नकाशावर दिसतं, आणि काही ठिकाणी तर टीप द्यायच्या स्क्रीनवर तो मूळचा कुठला, घरी कोण कोण आहे, पैसे कशासाठी साठवतोय हे पण लिहिलेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे, यातलं बरंचसं कस्टमरला दाखवायची काही गरज नाहीये. सगळ्यात आधी काढायला हवं ते आडनाव. आपल्याकडे आडनाव कळलं की लोक जात शोधतात, हे काय कुणाला समजावून सांगायला नको. आणि नावावरून धर्म कळतोच. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका माणसाने रायडर हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली आणि वर ते ट्विटरवर जाहीर पण केलं. कंपनी तेव्हा रायडरच्या बाजूने उभी राहिली, अन्नाला धर्म नसतो म्हणाली, चांगलंच केलं. पण त्याने ट्विट केलं म्हणून कळलं. जे लोक काही न बोलता नाव बघून रद्द करत असतील त्यांचं काय? रायडरला तर फक्त ऑर्डर गेली एवढंच दिसतं, का गेली ते कळतच नाही.

शिल्पा_ठाणे
पराग, दुपारी तुमच्या घरी कोण असतं? माझ्या घरी मी आणि सासूबाई, त्या अंथरुणावर. बेल वाजली की मी आधी फोनवरचा फोटो बघते, मग आयहोलमधून माणूस बघते, जुळलं तर दार उघडते. तुम्ही हे काढून टाका म्हणताय तर मी कशावर विश्वास ठेवायचा? टीशर्ट आणि बॅग कुणालाही मिळते. एकाच्या आयडीवर दुसराच गाडी फिरवतो, आयडी भाड्याने देतात, हे सगळ्यांना माहितीये. माझ्याकडे दोनदा फोटोतला माणूस वेगळा आणि दारातला वेगळा होता. फोटो होता म्हणून मला कळलं तरी. प्रायव्हसी त्याची आहे तशी सुरक्षा माझी पण आहे, आणि दार माझं आहे.

नाशिक_रायडर
ताई तुमचं बरोबर आहे, फोटोला माझा विरोध नाही, आयडी भाड्याने देणाऱ्यांमुळे आमचं पण नाव खराब होतं. पण अडचण फोटोची नाहीये, पुढची आहे. ॲपमधून कॉल केला की नंबर लपलेला असतो, चांगली सोय आहे, पण ती लाईन कित्येकदा लागतच नाही, पाऊस असला की विचारूच नका, मग कस्टमर उचलत नाही म्हणून आम्ही आमच्या नंबरवरून लावतो कारण उशीर झाला तर रेटिंग आमचं जातं. कॅशची ऑर्डर असली आणि समोरच्याकडे सुट्टे नसले की आम्ही आमचा क्यूआर दाखवतो, त्यात बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. म्हणजे कंपनीने लपवलेलं सगळं आम्हालाच उघडं करावं लागतं. नंतर रात्री बारा वाजता मेसेज येतात, भाजी गार होती, तू चोर आहेस, तुझा नंबर माझ्याकडे आहे बघतो तुला. आमच्या झोनमध्ये एक ताई आहे रायडर, तिला तर ऑर्डर झाल्यावर दहा-दहा दिवस फोन येतात, डीपी बघून. तिने नंबर बदलला, पण तो बँकेला, आधारला, पोरीच्या शाळेत, सगळीकडे बदलावा लागला. त्या दिवसांचा धंदा गेला तो वेगळाच.
आणि नकाशा. पेट्रोल भरायला थांबलो की लगेच फोन, तिथे काय करताय. अहो लघवीला पण थांबायचं नाही का माणसाने.

शिल्पा_ठाणे
नंबरचा त्रास दोन्हीकडून आहे. एका किराणा ॲपचा मुलगा सामान देऊन गेला आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर हाय मॅडम. तक्रार केली तर कंपनीने शंभर रुपयांचं कूपन दिलं, बास. तेव्हा त्याचं पूर्ण नाव माझ्याकडे होतं म्हणून मी पोलीस चौकीत जाऊन सांगू शकले. नाव नसतं तर काय सांगणार होते, एक मुलगा आला होता?

अनघा_म
शिल्पा, चौकीत गेल्यावर ऑर्डर नंबर पुरतो की. त्या वेळी त्या ऑर्डरवर कोण होतं ते कंपनीकडे आधारसकट असतं, पोलिसांनी मागितलं तर द्यावंच लागतं. नाव कंपनीला माहीत असणं आणि रोज वेगवेगळ्या पंचवीस-तीस घरांना माहीत असणं यात फरक आहे. एसटीच्या कंडक्टरची तक्रार आपण बिल्ला नंबरवरून करतोच ना, त्याचं आडनाव लागत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचं बघा, डब्यावर फक्त खुणा आणि आकडे, डबा बरोबर जातो. आणि ओळख पटवायला ओटीपी आहे की, गॅसचा सिलेंडर आला की आपण कोड देतोच.

शिल्पा_ठाणे
ओटीपी मी त्याला सांगते, तो मला नाही. त्याने कंपनीला कळतं की माल योग्य घरी गेला, मला कुठे कळतं की माणूस योग्य आलाय?

अनघा_म
हा मुद्दा बरोबर आहे. मग उलटा कोड पण हवा, त्याच्या स्क्रीनवरचे चार आकडे त्याने दाराबाहेरून सांगायचे, तुमच्या फोनवर तेच दिसले तर दार उघडा. करायला अजिबात अवघड नाहीये. सोसायट्यांचं तर बोलूच नका. आमच्या गेटवर वॉचमन रायडरचा नंबर वहीत लिहून घेतो आणि ती वही दिवसभर टेबलावर उघडी असते, येणारा-जाणारा कुणीही वाचतो. मी मीटिंगमध्ये बोलले तर सगळे म्हणाले सिक्युरिटीसाठी आहे. उघड्या वहीने कसली सिक्युरिटी?

विनय_नागपूर
मला हे सगळं जरा अतीच वाटतंय. पोलिसाच्या छातीवर नाव असतं, बँकेत काउंटरवर पाटी असते, डॉक्टरच्या दारावर असते. लोकांशी संबंध येणारं काम घेतलं की नाव दिसणारच. उलट नाव कळलं की लोक जरा नीट बोलतात, मी तर नावानेच हाक मारतो, पाणी विचारतो. सगळं लपवून टाकलं तर तो नुसता एक नंबर होईल, मग माणूस म्हणून कोण बघणार त्याच्याकडे?

पराग_कोथरूड
विनय, पोलिसाच्या पाठीशी खातं आहे, बँकवाल्याच्या पाठीशी युनियन आहे. याच्या पाठीशी कोण आहे? एक तक्रार आली की आयडी ब्लॉक, विचारायला समोर माणूसच नाही. मार्च २०२१ चं बेंगळुरूचं प्रकरण आठवा. एका महिलेने रायडरने मारलं म्हणून व्हिडिओ टाकला, देशभर त्याचं नाव आणि चेहरा फिरला, अटक झाली. त्याचं म्हणणं वेगळं होतं, नंतर तिच्यावर पण गुन्हा दाखल झाला. कोण खरं ते कोर्टाचं काम, पण निकाल लागायच्या आधीच त्याचं नाव घराघरात पोचलं होतं. आणि दिसण्यावरून त्रास होतो हे कंपन्यांना पण कळतं. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या टीशर्टवाली वेगळी फौज जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतला, कारण लाल टीशर्टवाला म्हणजे मांसाहार आणणारा असा शिक्का बसून सोसायट्यांनी अडवलं असतं. नुसत्या रंगाने एवढं होऊ शकतं तर आडनावाने किती होत असेल.

मीना_कोल्हापूर
एक वेगळी बाजू सांगते. माझ्या भावाला ऐकू येत नाही, तो डिलिव्हरी करतो. ॲपवर येतं की या रायडरला ऐकू येत नाही, मेसेज करा. ही तर तब्येतीची माहिती झाली, सगळ्यात खासगी. पण हे यायला लागल्यापासून त्याचं काम सोपं झालं. आधी लोक फोन करून करून वैतागायचे, उद्धट आहे म्हणून एक स्टार द्यायचे. त्यामुळे सरसकट सगळं काढा म्हणू नका. त्याला विचारा. त्याला दाखवायचंय. कोविडमध्ये २०२० ला रायडरच्या अंगाचं तापमान ॲपवर दाखवायचे, ते मात्र कुणाला विचारून नव्हतं.

वकील_सातारा
मीनाताईंनी नेमकं बोट ठेवलं. प्रश्न संमतीचाच आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. नोकरीच्या कारणासाठी मालकाला त्यात सूट आहे. पण कंपन्या तर म्हणतात रायडर नोकर नाही, पार्टनर आहे. मग नोकरीची सूट कशी काय घेता येईल? पीएफ द्यायचा नाही म्हणून पार्टनर, आणि माहिती वापरायची म्हणून कामगार, दोन्ही एकदम चालणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. आणि कस्टमरने फक्त घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा त्याला लागूच होत नाही. म्हणून मी म्हणतो माहिती कस्टमरच्या हातात जायच्या आधीच अडवा, नंतर वसूल करता येत नाही.

मन्या_म्युनिक
इटलीत नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोव्हो या डिलिव्हरी ॲपच्या फूडिन्हो कंपनीला तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने ५० लाख युरोंचा दंड केला, रायडरचं लोकेशन काम नसतानासुद्धा गोळा करून बाहेरच्या कंपन्यांना पाठवत होते. तिकडे निदान कुणीतरी तपासतं.

विनय_नागपूर
दंडाचे पैसे शेवटी डिलिव्हरी चार्जमधूनच निघणार. आणि पोरांना आज जास्त गरज रेटची आहे, पेट्रोलच्या पैशांची आहे. नीती आयोगाने २०२२ ला सांगितलं की २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे, होते. त्यातल्या कितीजणांनी आडनाव काढा म्हणून मागणी केलीये? आधी इन्शुरन्सचं बोला.

नाशिक_रायडर
दादा इन्शुरन्स पाहिजेच, पण म्हणून हे नको असं कुठंय. मागणी करायची तर कुणाकडे, हेल्पला मेसेज टाकला की मशीन उत्तर देतं. मला विचाराल तर फोटो राहू द्या, पहिलं नाव राहू द्या, आडनाव काढा, घरच्यांची माहिती ज्याला द्यायची त्यानेच द्यावी. लोकेशन शेवटच्या एक किलोमीटरला दिसू दे, आधी नुसती किती मिनिटं ते सांगा. आणि कंपनीने क्यूआर द्यावा, आमचा नको. डिलिव्हरी झाली की अर्ध्या तासात आमचा फोटो-नाव तुमच्या फोनवरून जायला पाहिजे.

शिल्पा_ठाणे
आडनावाचं मला पटतं, उद्यापासून काढा. अर्धा तास नाही पटत. पार्सल फुटलेलं निघालं किंवा काही वाईट घडलं तर बाई अर्ध्या तासात सावरत नाही. किमान दोन दिवस राहायला हवं.

नाशिक_रायडर
दोन दिवस कंपनीकडे राहू द्या ताई, हवं तर दोन वर्षं राहू द्या. तुम्ही तक्रार दाबली की त्यांनी काढून पोलिसांना द्यावं. फोनात फोटो ठेवणारे सगळे तुमच्यासारखे नसतात.

शिल्पा_ठाणे
आणि कंपनीने कूपन देऊन हात झटकले तर? माझा अनुभव तोच आहे. तक्रार पोलिसांपर्यंत नेणं त्यांना बंधनकारक होईल त्या दिवशी मी अर्ध्या तासाला हो म्हणेन.