उतरण सोडू नका

पळण्यात मोठा खंड पडल्यावर दम परत आणायला सिंहगड चढण्यासारखा उपाय नाही, असं म्हणतात, ते मला पटतं. पण त्यासोबत मिळणारा 'गुडघे जपायचे असतील तर चढा पायी आणि खाली या जीपने' हा सल्ला पहिले काही रविवार ठीक आहे, पुढे नाही. विशेषतः साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन डोळ्यांसमोर असेल तर. तिथे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि त्याच वाटेने शहरात परत. म्हणजे २१ किमीतला उत्तरार्ध बहुतेक उताराचाच. चढावर दम लागला तर चालता येतं, कोणी हसत नाही. उतारावर मांड्या संपल्या की चालणंही नकोसं होतं.

कारण साधं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याने तंतूंना बारीक इजा होते. म्हणून त्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गंमत अशी की एकदा हा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे स्नायू तोच उतार बराच सोसतो. मी स्वतः मोठ्या खंडानंतर पळण्याकडे परतताना सिंहगडावरून पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेने खालीही पायीच यायचो, आखूड पावलं टाकत, गुडघा किंचित वाकवून. पळणं सपाटीलाच. मुरूम निसटता असतो, झिजलेले बूट नकोत. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मात्र लांब उतरण टाळा. गुडघ्यात आधीच दुखणं असेल तर अर्थात आधी डॉक्टर.