मदत हवी आहे : ढग भरून येतायत, द्राक्षं आत्ताच काढू की थांबू? (उत्तर सोलापूर)

नमस्कार मंडळी,

नान्नजजवळ आमची दीड एकर सोनाका द्राक्षांची बाग आहे. सगळा माल बेदाण्याला जातो. मण्यांत पाणी उतरून (मणी मऊ पडून गोड व्हायला लागून) बरेच दिवस झाले, परवा साखर मोजली तर 18-19 ब्रिक्स (साधारण तितके टक्के) भरली. आणि चार दिवस झाले, दुपार कलली की आभाळ दाटून येतं, पूर्वेकडून दमट वारा सुटतो. वडील रात्री दोन-दोनदा उठून अंगणात जाऊन बघतात.

2014 त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि आपला जिल्हा गारांनी झोडपून काढला. आमच्याकडे दहाच मिनिटं पडल्या असतील. बागेत शिरलो तर फुटलेल्या घडांतून रस ठिबकत होता, पायाखाली गारा आणि मणी एकत्रच तुडवले जात होते. काड्यांना जखमा, त्याही फक्त वाऱ्याच्या बाजूनं. पुढच्या छाटणीला त्या काड्या नीट फुटल्याच नाहीत, म्हणजे दोन हंगाम गेले.

तेव्हा पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या वादळी प्रणाली) नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेला उतरले होते. वर थंड हवा, खाली दोन्ही समुद्रांकडून आलेलं बाष्प आणि तापलेली जमीन, मग ढग सरळ उंच चढतो. पावसाळ्यात गोठणपातळी (ज्या उंचीवर हवा शून्य अंशाला येते ती) जास्त उंचावर असते, गार खाली येईपर्यंत बरीचशी वितळते. या दिवसांत ती खाली असते, म्हणून गार तशीच आदळते. आत्ताचे ढग बघून तेच मनात येतं.

माझी अडचण अशी. बेदाण्याला साखर 22 च्या पुढे हवी. एरवी चार किलोला एक किलो बेदाणा पडतो, आत्ता काढला तर उतारा घटणार आणि माल हलका होणार. शिवाय रॅकवर सुकायला पंधरा दिवस तरी लागतात. त्यात पाऊस शेडमध्ये शिरला की बेदाणा काळा पडतो. थांबलो तर सगळंच उघड्यावर.

ज्यांनी साखर 19 असतानाच माल काढून बेदाणा केलाय, त्यांना उतारा आणि भाव काय मिळाला? अर्धी बाग काढून अर्धी ठेवणं कुणी केलंय का? वायवर (वेलींच्या Y आकाराच्या मांडवावर) गारांपासून वाचवणारी जाळी टाकलेल्यांनी सांगा, जाळीखाली साखर भरायला उशीर होतो का, भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) वाढते का? विमा उतरवलाय, त्याबद्दल नको.

मजूर टोळीला उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय.