चालतं मॉड्यूल नव्या भाषेत पुन्हा लिहायचं? माझा विरोध आहे

सेमीकोलन

आमच्याकडे सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं एक जुनं मॉड्यूल आहे. बाहेरून आलेल्या फाइल घ्यायच्या, ओळी फोडायच्या, तारखा आणि रकमा तपासायच्या आणि पुढच्या सिस्टमकडे पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. ज्यांनी लिहिलं ते कधीच सोडून गेले. आता टीममध्ये टूम निघाली आहे की हे सगळं रस्टमध्ये, म्हणजे मेमरीच्या चुका अडवणाऱ्या नव्या भाषेत, नव्याने लिहून काढू. माझा विरोध आहे. मीटिंगमध्ये 'तुम्ही जुन्या वळणाचे' म्हणून माझी बोळवण झाली, म्हणून इथे मांडतोय.

प्रस्तावात कारणं तीन: कोड कोणाला कळत नाही, कोड घाण आहे, सी असुरक्षित आहे. पहिलं कारण तर मला रीराइटच्या, म्हणजे नव्याने लिहिण्याच्या, विरोधातलंच वाटतं. जे कळलेलंच नाही ते दुसऱ्या भाषेत लिहिणार कसं?

आणि ती 'घाण' जरा जवळून बघा. तारीख तपासणाऱ्या फंक्शनमध्ये एक विचित्र इफ, म्हणजे अट, आहे. २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आली तर नाकारायची नाही, १ मार्च धरून पुढे जायचं. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच. पण एक्सेल ते लीप वर्ष धरतं, कारण त्याच्या आधीचं स्प्रेडशीट लोटस १-२-३ तसंच धरत होतं आणि एक्सेलला लोटसच्या फाइल जशाच्या तशा चालवायच्या होत्या. म्हणजे कोणीतरी स्प्रेडशीटमधून फाइल काढून पाठवली असणार, ती अडकली असणार, आणि कोणीतरी ही ओळ घातली असणार. कॉमेंट नाही, टेस्ट नाही. नव्याने लिहिणारा ती बिनदिक्कत उडवेल, आणि कॅलेंडरच्या हिशेबाने त्याचंच बरोबर असेल.

उबंटूचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ मधल्या २५.१० आवृत्तीत या लिनक्सवाल्यांनी जीएनयू कोअरयुटिल्सच्या (रोजच्या छोट्या कमांडचा सीमधला संच) जागी रस्टमधले यूयुटिल्स डीफॉल्ट केले. डेट कमांडला एक पर्याय असतो, एखादी फाइल शेवटची कधी बदलली ते विचारण्याचा. नव्या डेटने तो पर्याय निमूटपणे घेतला, एररही दिली नाही, आणि छापली आत्ताची वेळ. अपडेट तपासणाऱ्या स्क्रिप्टला वाटलं, आत्ताच तर तपासलंय. झालं, काही मशीनवर अपडेट आपोआप तपासले जाईनात. सुरक्षेच्या नावाने केलेल्या बदलाने सुरक्षेचेच अपडेट अडवले. रोगापेक्षा इलाज भयंकर.

खाली_पॉइंटर

साफ असहमत. सोयीचं उदाहरण उचललंय. तो बग दिसला आणि लगेच दुरुस्तही झाला. आता न दिसलेल्याचं बोलू.

सुडो, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टमवर साध्या खात्यातून रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने कमांड चालवू देणारा प्रोग्रॅम. सीमध्ये लिहिलेलं, जगभर वापरात, कितीतरी जाणकारांच्या नजरेखालून गेलेलं. त्यात जुलै २०११ मध्ये एक हीप ओव्हरफ्लो (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याची चूक) शिरला आणि जानेवारी २०२१ मध्ये 'बॅरन समेडिट' या नावाने बाहेर आला. मशीनवर साधं खातं असलेला माणूस रूट होऊ शकत होता. चूक किती किरकोळ बघा: कोड बॅकस्लॅश दिसला की तो टाकून पुढचं अक्षर उचलायचा. आर्ग्युमेंटच्या (कमांडला दिलेल्या मजकुराच्या) अगदी शेवटी एकटाच बॅकस्लॅश आला तर पुढे अक्षर नसतं, स्ट्रिंग संपवणारा शून्य असतो. कोड तो शून्यही अक्षर समजून उचलायचा आणि स्ट्रिंगच्या पलीकडची मेमरी कॉपी करत सुटायचा. नेहमीच्या रस्टमध्ये असं झालं तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होऊन थांबतो. वाईट, पण रूट मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ते दरवर्षी ज्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करतात त्यातल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात. क्रोमचा गंभीर त्रुटींचा आकडाही तेवढाच निघाला. आणि सेमीकोलन, 'बाहेरून आलेल्या फाइल घ्यायच्या' हे तुमच्याच पहिल्या परिच्छेदात आहे. सीमधला पार्सर (फाइल फोडून वाचणारा कोड) आणि परक्याने दिलेली फाइल, यापेक्षा वाईट जोडी नाही.

शून्यभागाकार

७० टक्के सगळेच सांगतात, पुढचं कोणी वाचत नाही. अँड्रॉइडमध्ये मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना कोड रस्टमध्ये लिहून नव्हे! त्यांनी *नवा* कोड रस्ट आणि इतर सुरक्षित भाषांमध्ये लिहायला घेतला, जुना बहुतांश आहे तसा ठेवला. कारण अशा त्रुटी मुख्यतः नव्या किंवा नुकत्याच बदललेल्या कोडमध्ये सापडतात. कोड जुना होत जातो तशा त्या विरळ होत जातात.

थोडक्यात, सर्वात जुन्या आणि सर्वात स्थिर भागाचा रीराइट म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या जागी सर्वात जास्त नवा कोड.

आणि रस्टमुळे लॉजिकच्या चुका टळत नाहीत. रस्टमधल्या सुडोतच नोव्हेंबर २०२५ मध्ये त्रुटी जाहीर झाली: पासवर्ड अर्धवट टाइप करून थांबलात आणि वेळ संपली, तर टाइप केलेली अक्षरं स्क्रीनवर उघडी पडायची. मेमरी एकदम सुरक्षित, पासवर्ड चव्हाट्यावर.

खाली_पॉइंटर

@शून्यभागाकार, अँड्रॉइडचा जुना कोड आणि सेमीकोलन यांचा जुना कोड एका तराजूत घालू नका. तिकडे फझर, म्हणजे कोडवर मुद्दाम वेडावाकडा डेटा फेकून बघणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस चालतात, बाहेरचे संशोधक बक्षिसासाठी कोड पोखरतात. म्हणून त्रुटी विरळ होतात, नुसत्या वयाने नाही. इकडे मॉड्यूल 'स्थिर' आहे कारण त्याच्याकडे कोणी वाकडी फाइल पाठवलेली नाही. अजून.

वाचनमात्र

दोन्ही बाजूंचं पटतंय. मॅनेजर व्हायला लायक झालो बहुतेक.

गंजका_पण_चालू

सगळे असं बोलताहेत जणू शुक्रवारी सी काढायचं आणि सोमवारी रस्ट बसवायचं. असं करणाऱ्यांचं काय होतं ते नेटस्केपने दाखवलंय. अख्खं ब्राउझर नव्याने लिहायला घेतलं, चारनंतर पाच आलाच नाही, २०००च्या शेवटी एकदम सहा आला. तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररने खाल्ला होता.

पण दुसरी रीतही आहे. लिबआरएसव्हीजी, म्हणजे एसव्हीजी चित्रं काढणारी लायब्ररी, सीमध्ये होती. २०१६ पासून तिच्यात एकेक तुकडा करत रस्ट घातलं. बाहेरचा सीचा इंटरफेस तोच ठेवला. जी सॉफ्टवेअर तिला कॉल करत होती त्यांना आत भाषा बदलतेय याचा पत्ताही लागायची गरज नव्हती. फिश शेल (कमांड टाइप करायचा प्रोग्रॅम) तसंच, सी प्लस प्लसमधून रस्टमध्ये टप्प्याटप्प्याने गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० म्हणून बाहेर पडलं. फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५७व्या आवृत्तीत फक्त सीएसएसचं (पानाची रंग-मांडणी ठरवणाऱ्या नियमांचं) इंजिन बदलून रस्टमधलं घातलं, बाकी ब्राउझर जागच्या जागी. शिवाय तिथे भाषेकडून काहीतरी *मिळणार* होतं: स्टाइलचं काम अनेक कोअरवर वाटायचं होतं, आणि सी प्लस प्लसमध्ये त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते.

त्यामुळे सेमीकोलन, माझा प्रश्न एवढाच. तुमच्या मॉड्यूलच्या पोटात कुठे सरळ रेघ मारता येते का?

मेकफाईल

रेघ मारता येते, पण रेघेवर राहायचं कोणी? कर्लचं बघा, नेटवरून डेटा आणणारं ते टूल. सीमधल्या कर्लला एचटीटीपीसाठी (वेबचा प्रोटोकॉल) रस्टमधली हायपर ही लायब्ररी जोडायचं काम २०२० मध्ये सुरू झालं. पैसा होता, हेतू चांगला होता, बहुतेक टेस्टही पास होत होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये ते काढून टाकायचं ठरलं. वापरणाऱ्यांकडून मागणी नव्हती, आणि सी व रस्ट दोन्हीत बुडी मारून उरलेलं काम तडीस नेणारी माणसं मिळेनात. दोन भाषांच्या सांध्यावर काम करायला दोन्ही येणारा माणूस लागतो. प्रस्तावात त्याचा रकानाच नसतो.

बिल्डचा रकानाही नसतो. पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.४ आवृत्तीत रस्ट आणलं, आणि ज्यांनी रस्टचं नावही ऐकलं नव्हतं त्यांचे अल्पाइन (छोटेखानी लिनक्स) कंटेनर सकाळी बिल्ड होईनात. काही जुन्या प्रोसेसरांसाठी तर रस्टचा कंपायलरच नव्हता.

जीपीएलवाला

उबंटूच्या बाबतीत लायसन्सबद्दल कोणीच बोलत नाही. जीएनयूचं जीपीएल होतं (बदलून वाटलं तर कोडही खुला द्यावा लागतो), यूयुटिल्सचं एमआयटी आहे (तशी अट नाही). भाषेच्या गडबडीत तेही बदललं. वेगळा विषय आहे, नोंदवून ठेवतो.

रात्रपाळी

'रीराइट म्हणजे रस्टच' हे कोणी ठरवलं? मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट भाषेच्या टीमने कंपायलर गो या भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं तेव्हा रस्ट का नाही, सी शार्प का नाही, यावरून केवढा गदारोळ. त्यांचं उत्तर साधं होतं: आम्हाला नवं डिझाइन नकोय, जुनाच कोड फंक्शनला फंक्शन ठेवून उतरवायचाय. जुना कोड गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी भाषेनेच परत घेणं) आहे असं धरून लिहिलेला, त्यात एकमेकांकडे बोट दाखवणारी डेटा स्ट्रक्चर्स. रस्टमध्ये ते सगळं नव्याने रचावं लागलं असतं. व्हीएस कोडचा १५ लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले.

अर्थात हुबेहूब उतरवतानाही भाषा हळूच चिमटा काढते. इथे भल्याभल्यांची रात्र जाते म्हणून जरा सविस्तर लिहितो. उणे ७ भागिले २, पूर्णांकात: सीमध्ये उणे ३, पायथनच्या दुहेरी तिरक्या रेघेने उणे ४. उणे ७ला ३ने भागून बाकी: सीमध्ये उणे १, पायथनमध्ये अधिक २. २.५ पूर्णांकात आणा: पायथनचा राउंड २ देतो, जावाचा मॅथ डॉट राउंड ३. यातलं काहीही बग नाही, प्रत्येक भाषा आपल्या नियमाला धरून आहे. पण परताव्याच्या रकमा उणे येत असतील तर महिनाअखेरची बेरीज जुळणार नाही. सर्व युनिट टेस्ट हिरव्या असतील, कारण टेस्ट लिहिणाऱ्याने उणे रक्कम घातलेलीच नसते.

रस्टमध्ये भागाकार सीसारखाच आहे, तिथे चिमटा दुसरीकडे बसतो. रस्टची स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-८च (अक्षरं बाइट्समध्ये मांडायची आजची रूढ पद्धत). जुन्या फाइलमध्ये नावात लॅटिन-१ या जुन्या पद्धतीतला एखादा बाइट असेल तर सी तो न बघता पुढे ढकलतं, रस्ट म्हणतं ही स्ट्रिंगच नव्हे. स्ट्रिंग न धरता बाइट्स धरून लिहिलं तर सुटतं. पण ते आधी माहीत हवं.

सेमीकोलन

@गंजका_पण_चालू, रेघ मारता येते. ओळी फोडणारा भाग एका बाजूला, नियम दुसऱ्या बाजूला. फोडणारा भाग बाहेरचे बाइट्स हाताळतो, तो रस्टमध्ये गेला तर माझी हरकत नाही, बाइट्स धरूनच लिहा. नियमांना हात लावू नका. ते भाषेचं दुखणं नाही, ते व्यवहाराचं ज्ञान आहे आणि दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

अट एक. जुना आणि नवा दोन्ही समांतर चालवायचे, खऱ्या फाइलवर, आणि आउटपुट बाइट-बाइट ताडायचं. वर्षअखेर त्यात आलीच पाहिजे, कारण चमत्कारिक फाइल तेव्हाच येतात.

खाली_पॉइंटर

आणि फरक निघाला तर खरं कोणाचं?

सेमीकोलन

जुन्याचं. पुढची सिस्टम त्याच्यावर विसंबून आहे.

खाली_पॉइंटर

म्हणजे बगसकट भाषांतर. ठीक, पहिल्या फेरीत समजू शकतो. पण 'बग नंतर काढू' या दुसऱ्या फेरीला कोणीही वेळ देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग रस्टमध्ये लिहिलेलं सी तेवढं हातात राहतं, जागोजागी अनसेफ ब्लॉक (रस्टच्या काही तपासण्यांना वळसा देणारे तुकडे) घातलेलं.

शून्यभागाकार

वादाऐवजी मोजा ना. ओळी फोडणारा सीचा भाग ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून कंपाइल करा, त्यावर फझर सोडा, सुरुवातीला म्हणून जुन्या फाइलचे नमुने द्या. हद्दीबाहेर वाचलं की सॅनिटायझर नेमकी ओळ दाखवून तिथेच थांबतो. काही दिवसांत चित्र दिसेल: क्रॅशचा ढीग निघाला तर खाली_पॉइंटर म्हणतात ते खरं, काहीच निघालं नाही तर घाई कशाची. याला मीटिंग लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

खाली_पॉइंटर

चालेल. पण क्रॅश निघाले तर त्यांची दुरुस्ती सीमध्ये करायची नाही, एवढं आधी कबूल करा.

सेमीकोलन

कबूल नाही.