वाहाकाचा चौक: बघावा, पण खरेदी करू नये?

रानवाटा:
मेक्सिकोतल्या वाहाका शहराचा मुख्य चौक, सोकालो, बघून आलो. संगीत आणि हस्तकलेसाठी एवढं नाव, पण माझी निराशाच झाली. कमानींखाली कॉफी घेऊन बसलो, तर पाऊण तासात आधी मारिंबावाले (मारिंबा म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य), मग गिटारवाले, मग पुन्हा मारिंबावाले. वाजवून झालं की टोपी पुढे. निम्म्या चौकात संपावरच्या शिक्षकांच्या ताडपत्र्या. कळस म्हणजे काळ्या मातीचा एक चंबू घेतला, शाळिग्रामासारखा चकचकीत. पुण्याला आणून फुलांसाठी पाणी भरलं, सकाळी टीपॉयवर तळं! सरळ फसवलं. माझं मत, चौकात दमडीची खरेदी करू नये, कारागिरांच्या गावीच जावं.

चाकावरची_माती:
अहो, फसवलं कुठे, पाणी तुम्ही भरलंत! सान बार्तोलो कोयोतेपेक गावची जुनी भांडी करडी असत. पाणी, मेस्कल नावाची तिथली दारू त्यांतच ठेवत, टिचकी मारली की खणखणत. १९५० च्या दशकात तिथल्या कुंभारीण दोन्या रोसा यांनी अर्धवट वाळलेलं भांडं गारगोटीनं घोटलं आणि कमी आचेवर भाजलं, तेव्हा ही काळी चमक आली. काळा रंग वरून लावलेला नसतो, भट्टी लिंपून आत धूर कोंडतात. पण कमी भाजल्यामुळे भांडं पाझरतं. ते शोभेचंच.

रानवाटा:
बरं, ज्ञानात भर पडली. पण विकणारीनं सांगायला नको?

चाकावरची_माती:
सांगितलंही असेल, स्पॅनिशमध्ये.

फिरस्ता_विदर्भ:
गावी जावं याला माझं अनुमोदन. सान मार्तिन तिल्काहेतेला कोपालच्या लाकडातून कोरलेले रंगीत प्राणी पाहिले, त्यांना आलेब्रिखे म्हणतात. एक बाई सशाच्या कानावर ठिपके देत होती, एकेका ठिपक्याला श्वास रोखून. तेओतित्लान देल वायेला विणकरानं निवडुंगावरचे वाळलेले किडे माझ्या तळहातावर चुरडले, गर्द किरमिजी रंग. वर लिंबू पिळलं तर क्षणात नारिंगी! चौकात हे कोण दाखवणार? तिथे सगळं 'किती देणार बोला'.

सावनी_इकडची:
पूर्ण असहमत. 'गावी जा' म्हणणं सोपं आहे. चौकाच्या कमानींखाली लांब लाल वीपिल (सैल विणलेला झगा) घातलेल्या त्रिकी या आदिवासी समाजाच्या बायका बसतात, त्यांतल्या कित्येक सान हुआन कोपाला या गावच्या. २०१० च्या सुमारास तिथल्या हिंसाचारानं कुटुंबंच्या कुटुंबं परागंदा झाली आणि सरकारी प्रासादासमोर येऊन राहिली. त्यांच्या कुठल्या गावी जाणार? मी बघितली ती बाई मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं कमरेला बांधून विणत होती, पोर मांडीवर. घासाघीस करायची जीभ झाली नाही.

आणि ताडपत्र्यांचं म्हणाल, तर तो चौक आधी त्या शिक्षकांचा, मग आपला. १४ जून २००६ ला पोलिसांनी त्यांना तिथून हुसकायचा प्रयत्न केला, त्यानंतर अख्खं शहर कित्येक महिने धुमसत होतं. पोस्टकार्ड बिघडलं म्हणून कुरकुर कसली?

फिरस्ता_विदर्भ:
सावनीताई, त्रिकी बायकांबद्दल मान्य. पण चौकात स्वस्तातला छापील, यंत्राचा मालही खच्चून भरलेला असतो, आणि त्याच्या शेजारी हातमागाचा कपडा महाग वाटून पडून राहतो. नुकसान कोणाचं होतं? तिचंच.

सावनी_इकडची:
मग उलटून बघायला शिका. टाके मागून बोलतात. पैठणी घेताना उलटी बाजू बघतोच ना आपण?

चाकावरची_माती:
थोडं अवांतर: त्या चौकातल्या मोठ्या झाडांना तिथे 'लाउरेल दे ला इंडिया' म्हणतात. पानं बघितल्यावर ट्यूब पेटली, हा तर आपला नांदरूक! मला तर तिथे घरच्या पारावर बसल्यासारखं वाटलं. संध्याकाळी सरकारी बँड फुकट वाजतो, म्हातारी जोडपी दान्सोन हा संथ जोडीनृत्याचा प्रकार नाचतात. तिथे कोणी टोपी फिरवत नाही, रानवाटा.

रानवाटा:
बँड ऐकला नाही, कबूल. मी कॉफीवाल्याकडेच अडकलो. यंत्राचा माल आणि टोपी यांबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. तिसऱ्या मारिंबाला पैसे दिले ते केवळ सुटका व्हावी म्हणून.
चंबूत आता वाळलेलं गवत ठेवलंय. बरं दिसतंय.